घाटात दम टाकणारे ट्रक आणि अर्धवट निदान

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पुण्याकडून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात मालाने भरलेला ट्रक बंद पडला आणि मागे वाहनांच्या रांगा लागल्या, अशा आशयाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येत असतात. बातमीच्या शेवटी बहुतेक वेळा 'जुनाट वाहनांमुळे' असे एक कारण जोडलेले असते आणि त्यावर अशी वाहने घाटात सोडूच नयेत असे सांगणारी वाचकांची पत्रेही येतात. अतिरिक्त भार हे घाटात गाडी बसण्याचे मोठे कारण आहे, ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. परंतु शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत 'मेकॅनिक डिझेल' या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून नोकरी केल्यानंतर आणि निवृत्तीनंतरही आमच्या भागातील ट्रकमालकांच्या गाड्या पाहत असताना माझे मत असे झाले आहे की, या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या वयामुळे बंद पडत नाहीत. त्या आधी काही दिवस तक्रार करत असतात, डॅशबोर्डवरचा दिवा लागलेला असतो, एखाद्या गॅरेजमध्ये 'स्कॅन मारून' गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड पुसलेला असतो, क्वचित महागडा भागही बदललेला असतो, आणि मूळ दोष मात्र जागच्या जागी असतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. वाहनांच्या धुराची मर्यादा ठरवणारी 'भारत स्टेज' मानके टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. या तीन वर्षांत रस्त्यावर आलेले बीएस-४ ट्रक आज वॉरंटीच्या बाहेर आहेत. ते पहिल्या मालकाकडून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेले आहेत आणि त्यांची देखभाल कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपऐवजी हमरस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये होते. यांतील बहुतेक गाड्यांत जुना यांत्रिक इनलाइन पंप नाही. डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, ठरवतो. जुन्या मिस्त्रींचा हात पंप, नोझल आणि टॅपेटवर बसलेला आहे, तर स्कॅनर घेऊन येणाऱ्या तरुण वायरमनला कोड वाचता येतो पण इंजिनाचा अनुभव बेताचा असतो. दोघे एकत्र बसले तर उत्तम काम होते, असे मी पाहिले आहे. पण सहसा ते एकत्र बसत नाहीत.

आता मुद्द्याचे. ईसीएमने नोंदवलेला कोड ही फिर्याद आहे, निकाल नाही. जड वाहनांत हा कोड सामान्यतः दोन वेगवेगळे आकडे मिळून बनतो. पहिला आकडा, ज्याला एसपीएन म्हणतात, तो कोणत्या मोजमापाबद्दल तक्रार आहे हे सांगतो. दुसरा आकडा, म्हणजे एफएमआय, तक्रारीचे स्वरूप सांगतो. उदाहरणार्थ, एसपीएन १५७ म्हणजे कॉमन रेलमधील, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक उच्चदाब नळीतील, डिझेलचा दाब आणि १०२ म्हणजे टर्बोने इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मार्गात, दाबून भरलेल्या हवेचा दाब. त्यापुढे एफएमआय ३ किंवा ४ आला तर सेन्सरकडून येणारे व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त किंवा कमी आहे, म्हणजे संशय वायर, कनेक्टर किंवा सेन्सरवर आहे. १ किंवा १८ आला तर सेन्सरचा निरोप विश्वासार्ह असून दाब खरोखरच कमी पडतो आहे, असे ईसीएमचे म्हणणे आहे. म्हणजे '१५७' हा आकडा तोच असला तरी एकदा मल्टिमीटर हातात घ्यायचा असतो आणि एकदा डिझेलचा मार्ग तपासायचा असतो. गॅरेजमध्ये मात्र 'रेल प्रेशरचा कोड आहे' एवढेच सांगितले जाते, दुसरा आकडा कोणी लिहून ठेवत नाही आणि मालक पंपाच्या किमतीची चौकशी करू लागतो.

रेलचा दाब कमी पडण्याची कारणे टाकीपासूनच सुरू होतात. टाकीतील जाळी गाळाने भरलेली असू शकते, टाकीच्या झाकणाचा श्वासमार्ग बुजलेला असू शकतो, वॉटर सेपरेटर पाण्याने भरलेला असू शकतो, फिल्टर चोंदलेला असू शकतो. रस्त्याकडेला 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात मिळणारे भेसळीचे द्रव्य भरणाऱ्यांच्या गाड्यांत फिल्टर वेळेआधी चोंदतो, हे सांगून कंटाळलो. त्यापुढे फीड पंप, उच्चदाब पंप, त्यावरचा डिझेलचे माप राखणारा व्हॉल्व्ह, रेलवरचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह आणि शेवटी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर येतात. इंजेक्टर झिजले की रेलमध्ये भरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे निघून जाते आणि पंप धडधाकट असूनही दाब टिकत नाही. या साखळीतील कोणतीही कडी निकामी झाली तरी ईसीएमकडे लिहायला कोड बऱ्याचदा एकच असतो. त्याने पंप बदला असे कोठेही म्हटलेले नसते.

आमच्या परिसरातील एका ट्रकमालकाचे उदाहरण देतो. गाडी दहा चाकी, २०१८ ची. सपाटीवर काही तक्रार नव्हती, मात्र न्हावाशेवाहून माल भरून येताना खंबाटकीच्या चढाला लागली की पिकअप जायचा, चेक लाइट लागायचा आणि त्यानंतर कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी आरपीएम चढत नसे. चालक गाडी बाजूला घेई, किल्ली फिरवून बंद करी, पुन्हा सुरू करी आणि थोडा वेळ गाडी ओढत असे. एका गॅरेजमध्ये रेलचा दाब कमी असल्याचा कोड निघाला. उच्चदाब पंप बदलण्याचा सल्ला मिळाला, तो बदलला गेला, बिल लाखाच्या पुढे गेले आणि पुढच्याच फेरीत त्याच चढावर तोच कोड परत आला. मग इंजेक्टरांवर संशय घेण्यात आला. त्या टप्प्यावर गाडी माझ्याकडे आणली गेली.

उभ्या गाडीवर सगळे ठीक दिसत होते, आणि ते साहजिकही होते, कारण आयडलिंगला रेलमध्ये तीन-चारशे बार दाब पुरतो, तर भरलेली गाडी चढावर असताना तो हजार बारच्या बऱ्याच वर लागतो आणि त्याच वेळी डिझेलचा ओघही कितीतरी वाढतो. म्हणून स्कॅनर जोडून गाडी मालासह चढावर नेली आणि दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले, ईसीएमने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. चढ सुरू झाल्यावर काही काळ दोन्ही बरोबरीने वाढले आणि मग प्रत्यक्ष दाब मागे पडू लागला. त्याच वेळी टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या खेचणीच्या बाजूला लावलेल्या व्हॅक्यूम गेजचा काटा जायला नको इतका पुढे गेलेला होता. म्हणजे पंपाला डिझेल मिळतच नव्हते. फिल्टर नवा होता, जाळी साफ होती. शेवटी टाकीकडून येणारी रबरी नळी कापून पाहिली, तेव्हा तिच्या आतील अस्तराचा पापुद्रा सुटून लोंबकळत असलेला दिसला. ओघ कमी असेपर्यंत तो पडून राही आणि ओघ वाढला की ओढला जाऊन मार्ग अडवी. बाहेरून नळी अगदी सुस्थितीत होती.

या गोष्टीत मला नळीपेक्षा दुसरीच बाब खटकते. आधीच्या गॅरेजने लबाडी केली असे मी म्हणणार नाही, कदाचित जुना पंपही झिजलेला असेल. पण तो झिजला होता की नव्हता हे आज कोणीही सांगू शकत नाही, कारण पंप काढण्यापूर्वी मागितलेला दाब किती, मिळालेला किती, खेचणीच्या बाजूची स्थिती काय, इंजेक्टरांच्या परतीचे डिझेल किती, यातले एकही मोजमाप कागदावर नाही. बिलावर पंपाची किंमत आणि मजुरी यांच्या दोन ओळी आहेत. लाखभर रुपयांचा निर्णय ज्या निदानावर घेतला, ते निदान बिलात कोठेही नाही.

खेचणीच्या बाजूबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती वारंवार निसटते. दाबाच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर येते आणि डोळ्यांना दिसते. खेचणीच्या बाजूला मात्र डिझेल बाहेर न येता हवा आत जाते, त्यामुळे सांधा बाहेरून कोरडा ठणठणीत असतो. हँड प्रायमरच्या तळाचा वॉशर, फिल्टर हेडवरचा बँजो बोल्ट, सैल झालेली क्लिप, यांतून 'गाडी एअर घेते'. तेथे काही काळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालवले तर बुडबुडे स्पष्ट दिसतात. या तपासणीला स्कॅनरही लागत नाही.

इंजिनाची ताकद जाण्याचे दुसरे मोठे कारण हवा हे आहे, आणि येथे चालकाचे निरीक्षण स्कॅनरइतकेच मोलाचे ठरते. ताकद जाताना गाडी काळा धूर मारत असेल तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे असे समजावे. धूर नसताना गाडी ओढत नसेल तर आधी डिझेलच्या पुरवठ्याकडे वळावे. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा सिलिंडरमध्ये जाणाऱ्या कूलंटचा असू शकतो आणि निळसर धूर ऑइल जळत असल्याचा असतो. हे नियम काटेकोर नाहीत, पण सुरुवात कोठून करावी हे ते सांगतात. टर्बोचा दाब कमी असल्याचा कोड आला की लगेच टर्बो उतरवण्याची घाई केली जाते. त्याआधी एअर क्लीनर, टर्बोकडून येणारी गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या होज (रबरी नळ्या) आणि त्यांच्या क्लिपा तपासल्या पाहिजेत. चिरलेला होज आयडलिंगला मिटलेला असतो आणि दाब चढला की उघडतो. फुटलेल्या जागेभोवती तेलकट काजळीचा डाग दिसतो, चढावर शिट्टीसारखा आवाज येतो, आणि इंटरकूलरच्या मार्गात बेताच्या दाबाची हवा भरून साबणाचे पाणी लावल्यास जागा सापडते. टर्बोचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची खात्री करण्याची एक पद्धत तर फुकटची आहे. ज्या गाडीत वातावरणाच्या दाबाचा वेगळा सेन्सर असतो, तेथे इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली चालू केली असता मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब आणि वातावरणाचा दाब हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. त्यांच्यात ठळक फरक असेल तर संशय सेन्सरवर घ्यावा, टर्बोला हात लावण्याचे कारण नाही.

विजेच्या बाजूकडे तर सर्वांत शेवटी पाहिले जाते, ते सर्वांत आधी पाहिले पाहिजे. एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड आले, तर पाच-सहा भाग एकदम बिघडले असे मानण्यापेक्षा त्यांना जोडणारे समान कारण शोधावे. अनेक सेन्सरना ईसीएमकडून ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा जातो. त्यातील एका सेन्सरची वायर चेसीला घासून सोलली की पुरवठाच खाली येतो आणि त्याच फांदीवरचे सगळे सेन्सर दोषी दिसू लागतात. इंजिन आणि चेसी यांच्यामधली अर्थची पट्टी गंजलेली असणे, कोकणात ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या कनेक्टरमध्ये हिरवट क्षार साचणे, वायरिंग उंदरांनी कुरतडणे, हे प्रकार नेहमीचे आहेत. शिवाय आपल्याकडे एक खास दोष आहे. जड ट्रकची यंत्रणा सहसा २४ व्होल्टची असते, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. केबिनमधले गाणी वाजवण्याचे यंत्र, मोबाइलचे चार्जर आणि शोभेचे दिवे मात्र १२ व्होल्टचे, म्हणून त्यांची वायर सरळ एकाच बॅटरीवरून ओढली जाते. ती एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, दोन्ही लवकर खराब होतात आणि स्टार्टर मारताना व्होल्टेज इतके पडते की ईसीएम नसत्या तक्रारी नोंदवू लागतो. यावर २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो, आणि बॅटरीच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.

ज्या बीएस-४ ट्रकांत धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी एससीआर यंत्रणा आहे, त्यांची गोष्ट निराळी आहे. चालक ज्याला नुसते 'युरिया' म्हणतात ते डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षारमुक्त पाणी. ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात फवारले जाते. हे द्रावण संपले, पातळ झाले किंवा त्याची फवारणी बंद पडली की अशा अनेक गाड्यांत ईसीएम इंजिनाचा टॉर्क मुद्दाम कमी करतो. म्हणजे इंजिनात काहीही बिघडलेले नसताना गाडी ओढेनाशी होते आणि तसे व्हावे अशीच तिची रचना असते. हे ठाऊक नसल्यामुळे पंप आणि इंजेक्टर उतरवून तपासल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत. काही जण पैसे वाचवण्यासाठी शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओततात. २०१५ पासून आपल्याकडे शेतीसाठीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊन विकला जातो. तो लेप, त्यातील इतर अशुद्धी आणि बोअरच्या पाण्यातील क्षार मिळून फवारणीची नोझल आणि पुढचा कॅटॅलिस्ट यांची वाट लावतात. नोझलभोवती पांढरे खडे जमलेले दिसले की ओळखावे. आमच्या ऊसपट्ट्यात उसाचा ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, मोजण्याचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. डीईएफची तीव्रता मोजण्यासाठीही तसेच उपकरण मिळते, फक्त मोजपट्टी वेगळी असते. प्रत्येक गॅरेजने ते ठेवावे. आणि 'युरिया बायपास' करून देणाऱ्या डब्या जे विकतात, ते प्रदूषणाचा नियम मोडतातच, शिवाय पुढच्या मिस्त्रीला मिळणारी माहितीही खोटी करून ठेवतात, कारण त्यानंतर ईसीएमला जे दिसते त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

कोड पुसण्याच्या सवयीबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते. बऱ्याच गाड्यांत कोड नोंदवताना त्या क्षणाचा आरपीएम, इंजिनावरील भार, कूलंटचे तापमान अशी माहितीही साठवली जाते, तसेच दोष आत्ता चालू आहे की पूर्वी येऊन गेला आणि किती वेळा आला, याचीही नोंद असते. मिस्त्रीला घाटात गाडीसोबत जाता येत नाही, परंतु घाटात काय घडले याची साक्ष येथे असते. गाडी गॅरेजमध्ये आल्याबरोबर 'आधी सगळे पुसून टाकू, मग बघू पुन्हा येतो का' असे म्हणणारा माणूस ती साक्षच नष्ट करतो, आणि ग्राहकाला मात्र दिवा विझलेला पाहून समाधान वाटते. चालकांचेही थोडे चुकते. किल्ली बंद-चालू केल्यावर काही दोषांत ईसीएम पुन्हा पूर्ण ताकद देतो, त्यामुळे दोष आठवडेच्या आठवडे तसाच रेटला जातो आणि एके दिवशी घाटाच्या मध्यावर ही युक्ती चालत नाही. त्यापेक्षा टाकी किती भरलेली होती, गाडी गरम होती की गार, धूर कसा होता, आरपीएम किती होता, एवढे चार शब्द त्याने ट्रिपच्या वहीत लिहिले तर निदानाचे निम्मे काम होते.

येथे सुरक्षिततेचा एक इशारा द्यावाच लागेल. जुन्या इंजिनांत कोणता सिलिंडर मिसिंग करतो हे शोधण्यासाठी चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करण्याची पद्धत होती आणि आम्ही ती वर्गात शिकवतही होतो. कॉमन रेल इंजिनावर हे कदापि करू नये. त्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत गेलेल्या डिझेलमुळे बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे घडल्यास दुखत नाही म्हणून थांबू नये, तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. सिलिंडर शोधण्यासाठी स्कॅनरमधून एकेक इंजेक्टर बंद करण्याची सोय असते, तीच वापरावी.

आता प्रश्न राहतो तो माहिती कोणाच्या हाती आहे याचा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना उपलब्ध होऊ देत नाहीत, हा त्या प्रकरणाचा गाभा होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, आणि ते मोटारींपुरते होते, ट्रकचे नव्हते. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि तिच्यापुढील चार क्षेत्रांत मोटार वाहने आणि शेतीची अवजारे यांचा समावेश केला. त्याचे संकेतस्थळही सुरू झाले. परंतु आमच्याकडच्या गॅरेजमधला मिस्त्री आजही विशिष्ट मॉडेलच्या कोडचा अर्थ मोबाइलवर फिरणाऱ्या अर्धवट तक्त्यांतून शोधतो, आणि रेलचा दाब कोणत्या आरपीएमला किती असला पाहिजे हा आकडा तर त्याला कोठेच सापडत नाही. प्रत्यक्षात मोजलेल्या आकड्याची तुलना कशाशी करायची हेच ठाऊक नसेल, तर स्कॅनर कितीही महाग घेतला तरी अंदाजपंचे दाहोदरसेच काम होणार.

कंपन्यांनी किमान वॉरंटी संपलेल्या मॉडेलांसाठी तरी कोडचे अर्थ, तपासणीचा क्रम आणि मोजमापांच्या मर्यादा मराठीसह भारतीय भाषांत खुल्या कराव्यात. यात त्यांच्या कोणत्याही व्यापारी गुपिताला धक्का लागत नाही. ईसीएममधील प्रोग्राम कोणी मागत नाही, फक्त त्याने केलेली तक्रार वाचता यावी एवढेच मागणे आहे. दुसरी अपेक्षा ट्रकमालकांच्या संघटनांकडून आहे. त्यांनी आपल्या सभासदांना एक साधी सवय लावावी. कोड पुसण्यापूर्वी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो घ्यायचा, त्यात दोन्ही आकडे दिसले पाहिजेत, आणि महाग भाग बदलण्याआधी तो दोषी असल्याचे दाखवणारे मोजमाप बिलाच्या मागे लिहून घ्यायचे. प्रामाणिक मिस्त्री याला नकार देणार नाही, उलट भाग बदलूनही दोष राहिला तर तोच कागद त्याची बाजू राखील.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांबद्दल मी अधिकाराने लिहू शकतो. मुले हुशार असतात, इंजेक्टर खोलून जोडतात, टॅपेट सेट करतात. परंतु अभ्यासक्रमात सेन्सर आणि ईसीएम यांचा समावेश असूनही सरावासाठी चालू स्थितीतील कॉमन रेल इंजिन आणि मूळ दर्जाचा स्कॅनर नेहमीच उपलब्ध असतो असे नाही, त्यामुळे 'लाइव्ह डेटा', म्हणजे चालू इंजिनाचे स्कॅनरवर दिसणारे आकडे, हा विषय फळ्यावर शिकवला जातो. अपघातग्रस्त किंवा भंगारात जाणाऱ्या बीएस-४ ट्रकांची इंजिने ईसीएम आणि वायरिंगसह या संस्थांना देण्याची योजना जिल्हा पातळीवर आखता येण्यासारखी आहे. त्यांच्यावर शिक्षकाने मुद्दाम एखादी वायर काढून ठेवावी, फिल्टरच्या मार्गात अडथळा घालावा, होजला बारीक छिद्र पाडावे आणि मुलांना कोडपासून दोषापर्यंत लेखी पुराव्यासह पोहोचायला लावावे. परीक्षेतही योग्य भाग ओळखल्याला जितके गुण, तितकेच गुण निर्दोष भाग न उघडता सोडल्याला द्यावेत.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. यापुढे घाटात ट्रक बंद पडल्याची बातमी देताना गाडी कोणत्या वर्षाची होती, तिच्यात किती माल होता आणि बंद पडण्याआधी चेक लाइट लागलेला होता का, एवढे तीन प्रश्न वार्ताहराने चालकाला विचारावेत आणि मिळालेली उत्तरे बातमीत छापावीत.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
कराड, जि. सातारा